चिनीभाषक विद्यार्थी 'पुट ऑफ' का टाळतात?

तुम्ही लिहिलंय की तुमचे चिनीभाषक विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब्सच्या (म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'अप' असा छोटा शब्द जोडून नवा अर्थ देणाऱ्या जोड्यांच्या) याद्या घोकून येतात, चाचणीत चांगले गुण मिळवतात, पण बोलायची वेळ आली की 'पुट ऑफ'ऐवजी 'पोस्टपोन' आणि 'पुट अप विथ'ऐवजी 'टॉलरेट' म्हणतात. यात त्यांचा आळस नाही आणि तुमच्या शिकवण्यातही खोट नाही. यान लियाओ आणि योशिनोरी फुकुया यांनी चिनी विद्यार्थ्यांचा अभ्यास करून २००४ साली हेच मांडलं होतं: मधल्या पातळीवरची मुलं ही क्रियापदं टाळतात, लाक्षणिक अर्थाची तर जास्तच. भाषा मुरली की हे टाळणं कमी होतं.

माझं ऐकाल तर याद्या बंद करा. 'गेट'खाली वीस अर्थ पाठ करून बोलताना एकही आठवत नाही. त्यापेक्षा त्यांच्याच भाषेतून सुरुवात करा. क्रियापदामागे दिशेचा शब्द लावून नवा अर्थ काढणं चिनीत रोजचंच आहे. आपण 'करून टाक', 'बसून घे' म्हणतो, त्याच्या जवळचंच हे. 'छीलाय' म्हणजे वर येणं. 'चान छीलाय' म्हणजे उठून उभं राहणं, सरळ 'स्टँड अप'. पण 'श्याव छीलाय' म्हणजे हसू लागणं. इथे वर-खाली काहीच नाही. दिशेचा शब्द दिशा सोडून भलताच अर्थ देतो, हे त्या मुलांना लहानपणापासून ठाऊक असतं. फक्त ते कोणी त्यांच्या लक्षात आणून दिलेलं नसतं.

मात्र इथेच एक खड्डा आहे. 'अप' म्हणजे 'छीलाय' असं समीकरण त्यांच्या डोक्यात बसू देऊ नका. 'श्यांग' म्हणजे विचार करणं, आणि 'श्यांग छीलाय' म्हणजे आठवणं. मग एखादी मुलगी 'आय थॉट अप हिज नेम' म्हणते. तिला म्हणायचं असतं नाव आठवलं, ऐकणाऱ्याला वाटतं हिने नाव रचलं! 'थिंक अप'ला चिनीत जवळचा शब्द 'श्यांग छूलाय', म्हणजे विचार करून बाहेर काढणं. तसंच बोलत राहणं इंग्रजीत 'गो ऑन', तर चिनीत 'श्वो श्याछ्यू', शब्दशः 'बोल खाली जा'. अशा जोड्या शेजारी शेजारी लिहून दाखवा.

'ओपन द लाइट' तुम्ही ऐकलंच असेल. चिनीत दार आणि दिवा दोन्हींना 'खाइ' हेच क्रियापद चालतं, म्हणून ते होतं. हे दोन दिवसांत सुटतं.

सर्वनामाची जागा मात्र चिवट. 'टर्न ऑफ द लाइट' चालतं, 'टर्न द लाइट ऑफ'ही चालतं, पण 'इट' आलं की ते मधेच बसलं पाहिजे. चिनीत बंद करण्याचं 'क्वान त्याव' कर्मामुळे फुटत नाही, म्हणून 'टर्न ऑफ इट' तोंडात येतं. नियम सांगून हे जात नाही. वर्गातला दिवा, पंखा, फोन यांच्यावर तोंडी सराव घ्या: टर्न इट ऑफ, पिक इट अप, पुट इट डाउन. 'लुक आफ्टर'सारखी न फुटणारी क्रियापदं काही आठवडे बाजूलाच ठेवा, नाहीतर सगळाच गोंधळ होतो.

उच्चाराकडे बहुतेक शिक्षकांचं लक्ष जात नाही, आणि मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, क्रियापदामागचा 'छीलाय' सहसा हलका, सूर गाळून म्हणतात. इंग्रजीत उलट, 'टर्न इट ऑफ'मध्ये जोर 'ऑफ'वरच. त्यात मँडरिनचं अक्षर 'प', 'ट', 'फ' यांवर कधी संपत नाही, त्यामुळे 'अप' आणि 'ऑफ'ची शेपटी गळते किंवा तिला एक जादा स्वर चिकटतो. (कँटनीज बोलणाऱ्यांकडे शेवटचे 'प', 'ट' असतात, त्यांना तेवढं सोपं जातं.) ज्याला 'पुटिटॉफ' ऐकून त्यातला 'ऑफ' वेगळा कळत नाही, तो बोलताना 'पोस्टपोन'च म्हणणार. म्हणून अर्थाआधी कान तयार करा. तुम्ही 'टर्न इट ऑन', 'टर्न इट ऑफ' उलटसुलट म्हणा, त्यांनी फक्त बटण दाबायचं.

आणि ऑफिसच्या पत्रात कुणी 'पोस्टपोन' लिहिलं तर ते खोडू नका, तिथे ते योग्यच आहे.