प्लास्टर निघाल्यावर वॉर्डातले दिवस

ताई, प्लास्टर निघालं की पोर लगेच धावेल असं वाटतं, आणि पहिली घाई तिथेच होते. पाय बारीक दिसेल, कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली, वर लव वाढलेली. घाबरू नका, असंच असतं. गुडघा आखडलेला असतो, म्हणून काही दिवस बाळ रांगेल, मग लंगडेल. दंडाला धरून उभं करू नका. खाटेच्या कडेला आवडतं खेळणं ठेवा, आपणहून पाय टेकेल.

- पापुद्रे उपटू नका. कोमट पाण्याने भिजवून टिपा, मग हलकं खोबरेल.
- मालीशवाली नको, हाडवैद्य तर नकोच, आजी कितीही म्हणाली तरी! नुकतं जुळलेलं हाड ओढाताणीने पुन्हा मोडू शकतं.
- ताप, वाढती सूज, बोटं गार किंवा निळसर, रडणं थांबेना: रात्री दोन वाजलेले असले तरी सिस्टरना हाक मारा.

घरची गोधडी न्या. पेज द्यायची तर आधी विचारून. व्यायामाचं आत्ता डोक्यात घेऊ नका, ते डॉक्टर दाखवतील. फेरतपासणीची तारीख मात्र लिहून घ्या. गुहागरहून चिपळूण गाठायचं तर पावसात वेळ हाताशी ठेवूनच निघा. आणि घरी गेल्यावर शेवाळलेल्या चिऱ्यांच्या अंगणात त्याला इतक्यात सोडू नका.