खैरात, खिरापत आणि हमी

प्रश्न आहे: नवे आमदार सामाजिक योजनांवर बोलताना कोणी ‘खैरात’ म्हणतात, कोणी ‘खिरापत’. दोन्ही एकच का? आणि योजना घेणाऱ्याला ‘लाभार्थी’ म्हणावं की ‘हक्कदार’?

एकच नाहीत. ‘खैर’ हा मुळात अरबी शब्द, अर्थ भलाई. त्याचं अनेकवचन ‘खैरात’, म्हणजे सत्कृत्यं आणि त्यावरून दानधर्म. उधळपट्टीचा वास त्याला नंतर चिकटला. खिरापत म्हणजे प्रसाद, आरतीला हजर असलेल्या प्रत्येकाच्या हातावर पडणारा. म्हणून ‘पदांची खिरापत वाटली’ म्हणताना आक्षेप असतो तो पात्रता न बघता सरसकट दिल्याचा. एखाद्या योजनेला निकषच नाहीत अशी टीका करायची असेल, तर खिरापत हा शब्द चपखल बसतो.

खैरात मात्र मला मनापासून खटकतो. खैरात करणारा स्वतःच्या पदरचं, स्वखुशीनं देतो. नाही दिलं तर त्याला कोणी जाब विचारत नाही. सरकारी तिजोरी कुणाच्या पदरची नसते. सभागृहानं खात्यांच्या खर्चाच्या मागण्या आणि तिजोरीतून पैसे काढायला परवानगी देणारं विनियोजन विधेयक मंजूर केल्यावरच त्यातून खर्च होतो. ज्या आमदारानं त्याला होकार दिला, त्यानंच बाहेर येऊन खैरात म्हणावं हे भाषेलाही धरून नाही.

खरं तर आपल्या विधिमंडळानं याहून किती नेमका शब्द रुजवला आहे: हमी! रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची, आणि ते विधान परिषदेचे सभापती होते. 1972च्या दुष्काळात योजना राज्यभर पोचली, 1975मध्ये तिच्यासाठी व्यवसाय कर लावला गेला आणि 1977मध्ये तिचा कायदा झाला. काम मागायचं, आणि ते मिळालं नाही तर बेकारी भत्ता मागायचा. ‘हमी’त देणारा बांधला जातो. राज्यपालांच्या अभिभाषणावर पहिल्यांदा बोलायला उभ्या राहणाऱ्या प्रत्येक आमदारानं हा शब्द जवळ ठेवावा असं मला फार वाटतं.

आता लाभार्थी. विद्यार्थी, शरणार्थी यांच्यासारखीच घडण: लाभ + अर्थी, म्हणजे लाभ इच्छिणारा. व्युत्पत्तीनं हा अजून दारात उभा असलेला माणूस, पण शासन निर्णयांमधून ‘लाभ मिळालेला’ हाच अर्थ रूढ झाला आहे आणि तो आता चूक ठरवण्यात अर्थ नाही. मी फरक असा करेन: जी योजना शासन निर्णयानं सुरू होते आणि तशीच बंदही होऊ शकते, तिथं ‘लाभार्थी’ चालेल. जिथं कायदा पाठीशी आहे, तिथं ‘हक्कदार’च. रेशनचं उदाहरण घ्या. 2013च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार ठरलेलं धान्य मिळालं नाही, तर अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. असा भत्ता मागू शकणाऱ्या कुटुंबाला लाभार्थी म्हणणं अपुरं आहे.