मुलांना खरंच काय आवडतं ते कसं ओळखायचं?

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. हसरा, साधा, रडका चेहरा काढून "वाचायला आवडतं का, गणित आवडतं का" असा कागद दिला, तर जवळपास सगळ्यांनी सगळीकडे हसऱ्यालाच गोल केला! वर्गात मात्र अर्धी मुलं पुस्तक उघडायलाच कंटाळतात. मग मोजायचं कसं? आणि स्टार दिले तर गोडी वाढेल का?
एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, मुलं खोटं नाही बोलत. कागद बाईंनी दिला, गोळाही बाईच करणार, मग आठ वर्षांचं पोर रडक्याला गोल करेलच कशाला. चेहरे वापरायला हरकत नाही, अमेरिकेत मॅकेना आणि केअर यांनी १९९० साली पहिली ते सहावीसाठी वाचनाची प्रश्नावली केली त्यात कार्टूनमधल्या गारफिल्ड मांजराचे चार चेहरे आहेत, पण मधला 'साधा' नाहीच, म्हणजे कुठल्यातरी बाजूला जावंच लागतं. शिवाय २० पैकी १० प्रश्न मौजेच्या वाचनाचे, १० शाळेतल्या वाचनाचे. हे वेगळं ठेवणं फार गरजेचं आहे, कारण तेच पोर गोष्ट आवडीने वाचतं आणि धड्याखालचे प्रश्न म्हटलं की त्याचं पोट दुखायला लागतं.

माझं म्हणणं, विचारण्यापेक्षा निवडायला द्या. गोष्ट, चित्र, कोडी, मातीकाम, यातले दोन-दोन समोर ठेवून "यातलं कुठलं?" असं एकेकाला बाजूला घेऊन विचारा (हात वर करायला लावू नका, एकाचा गेला की सगळ्यांचे जातात). चार पर्यायांच्या सहा जोड्या होतात, जे जास्त वेळा निवडलं ते आवडीचं, आणि थोड्या दिवसांनी परत बघा कारण आवडी बदलतात. शनिवारी शेवटची पंधरा मिनिटं हेच सगळं मांडून ठेवा, दर तीन मिनिटांनी कोण कुठे आहे त्याची खूण करा, तेवढा वेळ कुणाचं कौतुकही नको. खरं काय ते इथेच कळतं.

स्टारचं म्हणाल तर लेपर, ग्रीन, निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा १९७३ चा प्रयोग आहे. चित्रांची आधीच आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांना "चित्र काढलंत तर सर्टिफिकेट" सांगून ते दिलं, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढायला लागली. काही न सांगता अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. म्हणून आवड आहे तिथे स्टार लावूच नका. मूल हातच लावत नसेल तिथे सुरुवातीपुरता द्या हवं तर, पण त्याचा तक्ता भिंतीवर नको, मागे पडलेल्या मुलाला रोज आपली रिकामी ओळ बघायला लावणं मला तरी पटत नाही.