डिसोल्डर करताना (सोल्डर वितळवून भाग काढताना) पीसीबीवरचे पॅड, म्हणजे पाय जोडायच्या तांब्याच्या टिकल्या, उखडतात. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न बदलावं, की हॉट एअर स्टेशन घ्यावं?

आयर्न बदला. तुमचं आयर्न कमी पडतं म्हणूनच पॅड उखडतात. माझा थोरला भाऊ हे अजून मान्य करत नाही. "वॅट कमी असले की बोर्डाला धोका कमी," हे त्याचं पालुपद.

त्याच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमधले दोन फिल्टर कपॅसिटर फुगले होते. पहिला दादाने काढायला घेतला, 25 वॅटच्या आयर्नने. निगेटिव्ह पाय ग्राउंडच्या रुंद तांब्याला जोडलेला, त्यामुळे बिटची (आयर्नच्या टोकाची) उष्णता तिकडेच पसरत होती. वरचं सोल्डर मऊ व्हायचं, भोकातलं घट्टच. बिट टेकवून तो बराच वेळ बसला, मग कपॅसिटर हलवायला लागला, आणि पायासोबत पॅड वर आला. येणारच. तांबं बोर्डाला रेझिनने चिकटलेलं असतं. फार वेळ तापलं की पकड ढिली होते, त्यात आपण ओढतो. "बोर्ड गेला," म्हणून त्याने सोडून दिलं.

दुसरा मी काढला. तापमान ठरवता येणारं 60 वॅटचं आयर्न, रुंद चपटी बिट, 350 अंश. आधी फ्लक्स (सोल्डर नीट पसरवणारा पदार्थ), मग जुन्या डागावरच, म्हणजे सोल्डरच्या जोडावर, ताजी 63/37 (63 टक्के कथील, 37 टक्के शिसं) सोल्डर वायर वितळवली. कारखान्यातलं बिनशिशाचं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळायला लागतं, 63/37 हे 183 ला. एकत्र झाली की डाग लवकर पातळ होतो आणि पातळ राहतो. सकर (वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा हातपंप) मारला, भोक रिकामं, पाय अलगद निघाला. पॅड जसाच्या तसा. उखडलेल्या जागी ट्रॅकवरचा हिरवा थर खरवडून तारेचा जंपर दिला. अ‍ॅम्प्लिफायर आजही वाजतोय. दादा म्हणतो, दुसरा कपॅसिटर सोपा होता. दोघांचे निगेटिव्ह पाय त्याच तांब्यात होते!

उष्णता भरपूर द्या आणि थोडाच वेळ द्या. डाग पूर्ण पातळ होईपर्यंत पायाला हात लावू नका. भोकात उरलेलं सकरने निघत नसेल तर पुन्हा ताजं सोल्डर भरा आणि पुन्हा सकर मारा. सपाट पॅडवरचं उरलंसुरलं विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) टिपा, पण विक घासू नका.

हॉट एअर अशा पायवाल्या भागांसाठी नको, शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर वितळतात.

आणि हो, 60 वॅट म्हणताना मी तापमान ठरवता येणारंच आयर्न धरतोय. नियंत्रण नसलेलं 60 वॅटचं बारीक ट्रॅकवर चालवलंत तर दादाची भीती खरी ठरेल. नळकामाची आम्लाची पेस्ट बोर्डाला लावू नका, ती ट्रॅक खाते. एसएमपीएस (स्विचिंग पद्धतीचा पॉवर सप्लाय) असेल तर 230 व्होल्टच्या मेन्सवर मुख्य कपॅसिटरमध्ये सुमारे 325 व्होल्ट साठतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ राहू शकतात. रेझिस्टरने डिस्चार्ज करा, मीटरने तपासा, मगच आयर्न उचला.