पाण्याखाली गेलेलं गाव नकाशात सापडेल का?

प्रश्न: नमस्कार ताई. माझ्या आजीचं माहेर पानशेत धरणात गेलं. आम्ही वारज्याला राहतो, कधी तिकडे गेलो की आजी गाडीतूनच पाण्याकडे हात करते आणि म्हणते तिथं आमचं घर, तिथं मारुती, तिथून वाट वर घाटाकडे जायची. घरात त्या गावाचा एकही फोटो नाही. आजी आता ८४ वर्षांची आहे. कुणीतरी म्हणालं जुन्या टोपोशीटवर सगळं दिसतं. हे खरं आहे का, आणि ती शीट वाचायची कशी?
– एक वाचक, वारजे

उत्तर: दादा, सगळं नाही दिसत, पण तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच जास्त दिसतं, आणि आजी सोबत आहे म्हणून हे काम याच महिन्यात सुरू करा, पुढच्या सुट्टीवर टाकू नका एवढं आधीच सांगते.

टोपोशीट म्हणजे सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा. प्रत्येक शीटला नंबर असतो. पुण्याचा आणि पश्चिमेकडच्या मावळपट्ट्याचा बराचसा भाग ४७ एफ मध्ये येतो आणि त्याचे सोळा तुकडे केलेले आहेत, पुणे शहर १४ आणि १५ मध्ये विभागलंय आणि तुमचं पानशेत ४७ एफ/११ मध्ये, त्याच शीटवर वरसगाव आणि तोरणा पण आहे. आता खरी मेख इथे आहे. नुसतं '४७ एफ/११ द्या' म्हणालात तर बहुतेक १:५०,००० वाली शीट हातात पडेल, म्हणजे २ सेंटीमीटरला १ किलोमीटर, आणि तिच्यावर निळंशार धरणच दिसेल. तुम्हाला हवीये त्याच्या आधीची, एक इंचाला एक मैल वाली, मैलाच्या काळातली. ज्या कॉलेजात भूगोल विभाग आहे तिथे प्रॅक्टिकलसाठी टोपोशीट्स असतातच, कपाटाच्या तळाला जुन्या पण निघतात, नीट विनंती केली तर बघू देतात. सर्व्हे ऑफ इंडियाचं ऑफिस पुण्यातही आहे, तिथेही विचारा. आणि घरबसल्या सुरुवात करायची तर टेक्सास विद्यापीठाच्या लायब्ररीने यू ५०२ नावाची मालिका नेटवर फुकट ठेवलीये, अमेरिकन सैन्याने १९५० च्या दशकात जुन्या सर्व्हेवरून काढलेली, पण ती १:२,५०,००० म्हणजे १ सेंटीमीटरला अडीच किलोमीटर, त्यात गाव म्हणजे एक ठिपका आणि नाव एवढंच मिळतं.

शीट हातात आली की गाव शोधायच्या आधी समास, म्हणजे कडेच्या मोकळ्या पट्टीतला मजकूर वाचा. छापल्याचं साल वेगळं आणि सर्व्हेचं साल वेगळं असतं, लोक इथेच फसतात. नकाशा दाखवतो ते सर्व्हेच्या सालातलं, छपाई कितीतरी नंतरची असू शकते. पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ ला, धरण पहिल्यांदाच भरत होतं तेव्हा, आणि मग ते पुन्हा बांधलं, त्यामुळे तुम्हाला त्याच्या बऱ्याच आधीचा सर्व्हे बघायचाय.

मग रंग. तपकिरी रेघा म्हणजे उंचीच्या, पिवळा म्हणजे शेती, हिरवा म्हणजे झाडी, लाल म्हणजे रस्ते आणि घरं. ओढा काळ्या रेघेत असेल तर तो उन्हाळ्यात कोरडा, निळा असेल तर बारमाही पाणी, आणि आजीला पाणी कुठून आणायच्या हे विचारायला हीच खूण सगळ्यात कामाची. तुटक लाल रेघा म्हणजे पायवाटा, बैलवाटा. आजी म्हणते ती घाटाची वाट याच रेघांमध्ये बघा, रेघ कड्याच्या धारेपर्यंत जाते आणि पलीकडे कोकणात उतरते, तिथे बहुतेक वेळा खिंडीचं किंवा घाटाचं नाव पण लिहिलेलं असतं. जिथे चार-पाच पायवाटा एकत्र येतात ते गाव लहान असलं तरी वर्दळीचं होतं असं समजायला हरकत नाही.

नावं इंग्रजीत आणि आपल्या कानाला विचित्र वाटतील अशा स्पेलिंगमध्ये असतात, मोठ्याने वाचा म्हणजे कळतात. नावापुढे बी.के. म्हणजे बुद्रुक, के.एच. म्हणजे खुर्द. आजी नुसतंच नाव सांगत असेल तर त्या नावाची दोन्ही गावं शोधा.

आता पाणी कुठपर्यंत चढलं ते बघायची सोपी युक्ती. गुगल अर्थ प्रो मध्ये शीटचा स्कॅन इमेज ओव्हरले म्हणून, म्हणजे उपग्रहाच्या चित्रावर पसरून, टाका आणि ट्रान्सपरन्सी कमी-जास्त करा, काठाला काठ जुळेल, पाण्याच्या आत काय काय राहिलं ते दिसतं. स्कॅनच करा, झेरॉक्स नको. मी एकदा एका दुकानातून झेरॉक्स करून आणली होती, कागद एका दिशेला ताणला गेला होता आणि दोन संध्याकाळी मी नदीच्या वळणांशी भांडत बसले, मोजल्यावर कळलं.

नुसत्या नकाशावर विश्वास टाकू नका हे मात्र मनापासून सांगते. माझ्या आईच्या गावाला, भोर तालुक्यात, शीटवर टेकाडावर एक देऊळ आणि एक विहीर दाखवलीये, घर एकही नाही. मी समजले रानातलं देऊळ असेल. मामांना दाखवलं तर ते म्हणाले अगं ती तर आपली जुनी गावठाणाची जागा, प्लेगात लोक माळावर झोपड्या करून राहिले आणि मग परत वर गेलेच नाहीत. सर्व्हेवाला आला तेव्हा घरं पडून गेली होती, त्याने जे उभं होतं ते काढलं. त्याची चूक काहीच नाही पण गोष्ट मामांकडे होती, आणि मी नकाशा नेला नसता तर मामांनी ती काढलीही नसती.

प्रश्न: ताई, मी हौसेने क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये जुनी शीट बसवली पण देऊळ नदीच्या पात्रात पडतंय. काय चुकलं?
– एक वाचक, भोर

उत्तर: बहुतेक चूक तुमची नाही. जुन्या शीट्स एव्हरेस्ट स्फेरॉइडवर आहेत, म्हणजे पृथ्वीचा जो आकार तेव्हा धरला होता त्यावर, आणि जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या नव्या आकारावर चालतं, त्यामुळे तेच अक्षांश-रेखांश टाकले तरी जागा सरकते. एकतर सॉफ्टवेअरमध्ये शीटचं डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश कशाच्या आधारावर मोजलेत ते, बरोबर निवडा, नाहीतर अक्षांश-रेखांश सोडून द्या आणि न हललेल्या खुणा पकडा: जुना पूल, डोंगराचं टोक, त्रिकोणाने दाखवलेला सर्व्हेचा पॉइंट, किल्ल्याचा बुरुज. निदान सहा-सात खुणा घ्या आणि त्या चारी कोपऱ्यांत पसरलेल्या असू देत. नदीचं वळण मात्र कधीच धरू नका, नदी सरकते. देऊळ सुद्धा जपून घ्या, आपल्याकडे जीर्णोद्धारात देवळं जागा बदलतात.

वारज्याच्या दादांसाठी अजून दोन गोष्टी राहिल्या. मे महिन्यात पाणी खाली गेलं की धरणांच्या पोटात जोती, देवळं उघडी पडतात, उजनीत पळसदेवचं देऊळ असंच दिसतं आणि भाटघरमध्ये कांबरे गावचं. पानशेतच्या काठाला तेव्हा नकाशा घेऊन जा, पण गाळात उतरू नका, वरून कडक दिसतो आणि पाय आत जातो. आणि आजीला शीट दाखवाल तेव्हा मोठी प्रिंट काढा आणि गाव कुठंय असं विचारू नका, त्या वयाला नकाशा उलटा-सुलटा होतो. सकाळी घरातून निघून पाण्याला कुठे जायचात, उजव्या हाताला काय लागायचं, नदी ओलांडायचात का, असं विचारत जा आणि त्या बोलत असताना पेन्सिलने तुम्ही रेघ ओढत जा.