बेटांच्या देशासाठी सेफ्टी सिस्टीम: आधी फोन ते होडी जोड, व्हिडिओ वॉल नंतर बघू

तू विचारलंयस की तुमच्या कंपनीला एका छोट्या बेटांच्या देशासाठी, जिथे सगळ्यांचं पोट टुरिझमवर आहे, "सगळं एकाच प्लॅटफॉर्मवर" अशी पब्लिक सेफ्टी सिस्टीम द्यायची आहे, कॅमेरे, ड्रोन, एआय, कमांड सेंटर वगैरे, तर सुरुवात कुठून करू. देशाचं नाव टाकलं नाहीस ते बरं केलंस. मी रेडिओ आणि कंट्रोल रूमच्या कामात बावीस वर्षं काढली, जवळजवळ सगळी समुद्राकाठीच, आता गोव्यात फोंड्याला घरी बसून फुकटचे सल्ले देतो. तेव्हा जरा लांबण लागेल.

तुझ्या लिस्टमध्ये पहिला नंबर व्हिडिओ वॉलचा, म्हणजे कंट्रोल रूममधल्या स्क्रीनच्या भिंतीचा आहे. साहजिक आहे, उद्घाटनाचा फोटो तिथेच निघतो. पण इंटिग्रेटेड म्हणजे भिंतीवर चाळीस चित्रं दिसणं नव्हे रे. एक बाई रिसॉर्टच्या मागच्या बाजूने फोन करते, नवरा पाण्यात ओढला गेलाय, तिथपासून होडीचं इंजिन चालू होईपर्यंत तीच गोष्ट किती जणांना परत परत सांगावी लागते ते मोज. पोलिसाला सांगितली, त्याने अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला, त्यांनी कोस्ट गार्डला विचारलं, म्हणजे झाले तीन. हा आकडा एकवर आणणं एवढंच तुझं काम आहे, बाकी सगळी सजावट.

आता मालदीवच बघ. सुमारे १२०० बेटं, त्यातली वस्तीची २०० च्या आत, लोकसंख्या ५ लाखांच्या आसपास आणि २०२४ मध्ये टुरिस्ट आले २० लाखांवर. नंबर किती तर पोलीस ११९, अ‍ॅम्ब्युलन्स १०२, आग ११८, कोस्ट गार्ड १९१. चार दिवसांसाठी आलेला माणूस हे लक्षात ठेवणार? ११२ लावला की बहुतेक मोबाईल तो स्वतःच इमर्जन्सी म्हणून ओळखतात, पुढे तो कॉल नेमका कुठल्या टेबलावर वाजवायचा हे मात्र त्या देशाच्या नेटवर्कने ठरवलेलं लागतं. हे काम स्वस्त आहे, कंटाळवाणं आहे, म्हणूनच कुठल्याही ब्रोशरमध्ये नसतं.

दुसरं, लोकेशन. एका किनाऱ्यावरच्या कंट्रोल रूममध्ये (कुठली ते सांगत नाही) आम्ही मोठा जीआयएस मॅप (जागांची माहिती भरलेला कॉम्प्युटरवरचा नकाशा) बसवला होता, सर्व्हे नंबर, वॉर्ड, सगळं चोख. आठवड्याने गेलो तर ऑपरेटर मॅडमच्या ड्रॉवरमध्ये शंभर पानी वही, बॉलपेनने लिहिलेली: लाल छत्र्यांचा शॅक म्हणजे अमक्याचा, "जुना खुरीस" (क्रूस) म्हणजे टेकडीकडचा, बंद पडलेल्या हॉटेलाला लोक अजून जुन्याच नावाने ओळखतात, वगैरे. कॉल आला की त्या आधी वही उघडायच्या आणि मॅपवर नंतर बोट ठेवायच्या. आम्ही नाक मुरडलं नाही, वही मागून घेतली आणि दोन दिवस बसून सगळं मॅपमध्ये चढवलं. अख्ख्या प्रोजेक्टमधलं सर्वात उपयोगी काम तेच ठरलं असं माझं प्रामाणिक मत आहे. तिथे गेलास की अशी वही शोध, कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये असतेच.

हल्लीचे फोन इमर्जन्सी कॉल लागला की जीपीएस स्वतः चालू करून लोकेशन पाठवू शकतात, त्याला अ‍ॅडव्हान्स्ड मोबाईल लोकेशन म्हणतात, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत आहे, पण देशाने ते घेतलेलं असावं लागतं. आणि एक गोम आहे. परदेशी सिम रोमिंगवर असेल तर एसएमएसने निघालेलं लोकेशन वाटेत अडकू शकतं, म्हणून डेटावरून येणारा रस्ताही मागून घे. तुझे निम्मे कॉलर टुरिस्टच असणार, त्यांच्याच फोनवर चालत नसेल तर काय उपयोग.

रेडिओचं. सेल्सवाले सांगतील की आता सगळं एलटीईवर (४जी मोबाईल नेटवर्कवर), बटण दाबून वॉकी-टॉकीसारखं बोलायचं पुश-टू-टॉक अ‍ॅप घ्या, टेट्रा (पोलीस, फायर वगैरेंची वेगळी डिजिटल रेडिओ सिस्टीम) जुनं झालं. रोजच्या कामाला अ‍ॅप उत्तम आहे, नाही म्हणत नाही. पण १६ मे २०२१ आठव, तौक्ते वादळ आलं तो रविवार. आमच्याकडे तीन दिवस लाईट नव्हती, आणि पहिल्याच रात्री टॉवरच्या बॅटऱ्या संपल्यावर मोबाईल म्हणजे नुसता टॉर्च झाला. टेट्राचा हँडसेट टॉवर नसतानाही जवळच्या हँडसेटशी थेट बोलतो, आणि टॉवरचा मुख्य स्विचशी (सगळे टॉवर जोडणाऱ्या मधल्या यंत्राशी) संपर्क तुटला तरी त्या बेटापुरतं बोलणं चालू ठेवता येतं. बेटांसाठी हे सोन्यासारखं आहे. (टेट्रा घेतलंस तर बोलणं गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन कुठलं ते विचार, त्यातलं टीईए-१ किती कच्चं आहे ते २०२३ मध्ये डच रिसर्चर्सनी दाखवून दिलंय.) आणि मरीन व्हीएचएफ चॅनल १६ (बोटींचा संकटाच्या वेळचा रेडिओ चॅनल) डिस्पॅचरच्या, म्हणजे मदत पाठवणाऱ्या ऑपरेटरच्या, कन्सोलवर आणायला विसरू नकोस. मच्छीमार, डायव्ह बोटी, फेरीवाले, सगळे त्यावरच असतात, त्यांना तुझं अ‍ॅप डाऊनलोड करायला सांगशील तर हसतील. बऱ्याचदा सर्वात जवळची मदत म्हणजे शेजारची मासेमारीची होडीच असते.

क्लाउडबद्दल तू लिहिलंयस की सर्व्हर तिथे ठेवायची गरज नाही, सगळं सिंगापूरला. पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाचं वाच. १५ जानेवारी २०२२ ला ज्वालामुखी फुटला, समुद्राखालची इंटरनॅशनल केबल तुटली आणि ती जोडायला पाच आठवडे लागले, बाहेरच्या बेटांकडे जाणारी तर वर्षाहून जास्त काळ तशीच होती. कॅरिबियनमधल्या डॉमिनिकात सप्टेंबर २०१७ मध्ये मारिया वादळ आलं, टेलिफोन-मोबाईल सगळं झोपलं आणि पहिल्या बातम्या हॅम रेडिओवाल्यांनी (हौशी रेडिओ चालवणाऱ्यांनी) बाहेर काढल्या. तेव्हा कॉल घेणं, मॅप, डिस्पॅच हे सगळं देशातच, शक्यतो दोन वेगवेगळ्या बेटांवर. क्लाउडवर रिपोर्ट, ट्रेनिंग, जुना व्हिडिओ खुशाल ठेव.

वॉर्निंगसाठी सेल ब्रॉडकास्ट (टॉवरवरून एकदम सगळ्या फोनवर जाणारा इशारा) घे, बल्क एसएमएस नको. एसएमएसला नंबरांची यादी लागते आणि टुरिस्टचा नंबर तुझ्याकडे कुठून येणार? ब्रॉडकास्ट टॉवरखालच्या सगळ्या फोनवर एकदम वाजतो, रोमिंगवाल्याच्याही. पण बटण दाबायचा अधिकार कुणाला आणि चुकलं तर मागे कसं घ्यायचं हे आधी कागदावर आण. हवाईत १३ जानेवारी २०१८ ला मिसाईल येतंय असा चुकीचा अलर्ट गेला आणि "काही नाही, खोटं होतं" हे फोनवर यायला ३८ मिनिटं लागली. एवढ्या वेळात लोकांनी पोरांना बाथटबमध्ये लपवलं होतं.

छोट्या देशात माणसं मोजकी असतात हे आपण भारतात बसून विसरतो. सेशेल्स, लोकसंख्या लाखभर. ७ डिसेंबर २०२३ ला प्रॉव्हिडन्सच्या इंडस्ट्रियल भागात प्रचंड स्फोट झाला आणि त्याच दिवशी पावसाने पूर आणि दरडी, देशभर आणीबाणी लावावी लागली. दोन्हीकडे धावणारी माणसं तीच. तिथे तू चाळीस सीटचं कमांड सेंटर विकलंस तर तीन शिफ्टला बसवणार कोण? सहा टेबलं चोवीस तास चालू राहिली तरी खूप. नेटवर्क इंजिनिअर एकच असेल, तो सुट्टीवर गेला की सिस्टीमपण सुट्टीवर, तेव्हा ट्रेनिंगचे पैसे कॅमेऱ्यातून काप.

कॅमेरे नकोत असं नाही. जेट्टी, एअरपोर्ट, बाजार, बस्स. खारं वारं लागून कॅमेऱ्यावरचा पारदर्शक डोम सहा महिन्यांत दुधी होतो, ब्रॅकेट गंजतो, आपल्याकडे मिरामारच्या बाजूला घर असलेल्या कुणालाही ग्रिलचं विचार. धुण्या-पुसण्याचं काम एएमसीत (वार्षिक देखभालीच्या करारात) लिहिलेलं नसेल तर दोन पावसाळ्यांनी तुझ्या एआयला फक्त धुकं दिसेल. फेस रेकग्निशन मी तरी घालणार नाही. डेटा कोण बघणार, किती दिवस ठेवणार याचा कायदा आधी आहे का विचार, आणि हनिमूनला आलेल्या जोडप्याला पाळत ठेवल्यासारखं वाटलं तर देशाचंच गिऱ्हाईक जाणार. ड्रोन दोन घे, बुडणाऱ्याला शोधायला, वाऱ्याची मर्यादा बघून.

आणि अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टमध्ये (सिस्टीम ताब्यात घेण्याआधीच्या चाचणीत) हे घाल, मी हल्ली प्रत्येकाला सांगतो: आधी न कळवता, भर सीझनमधल्या रविवारी संध्याकाळी, बाहेरची केबल काढायची, मेन स्विच पाडायचा आणि सर्वात लांबच्या बेटावरून परदेशी सिमच्या फोनवरून ११२ लावायचा. फोन लावणाऱ्याला इंग्लिश यायला नको, रशियन किंवा चायनीज बोलणारा बघ. घड्याळ होडीचा दोर सुटला की थांबवायचं, सिस्टीममध्ये कॉलची नोंद, म्हणजे तिकीट, बनल्यावर नव्हे. तुमचे सेल्सवाले या कलमावर कुरकुर करतील, तेव्हा मला मेसेज कर, कलमाचा मसुदा माझ्याकडे पडून आहे.