अर्क नंतर, आधी कोरी फिल्म

वनस्पतीचा अर्क घालून जंतुरोधक, जैवविघटनशील फिल्म बनवायचा तुझा उत्साह दिसतोय, पण पहिल्याच दिवशी अर्क ओतू नकोस. आधी अर्काशिवायची कोरी फिल्म जमू दे. फिल्मसाठी कायटोसान (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारा पदार्थ) घेणार असशील तर १ टक्का अ‍ॅसिटिक आम्लात रात्रभर ढवळत ठेव, मग गाळून घे आणि बुडबुडे पूर्ण जाऊ दे. फिल्म लवचीक ठेवणारं ग्लिसरॉल कायटोसानच्या वजनाच्या २० ते ३० टक्क्यांपासून सुरू कर. कमी पडलं तर फिल्म सोलताना वाळक्या पानासारखी तडकते, जास्त झालं तर बोटाला चिकटते.

आता खरी गोम. जंतुरोधक चाचणीत फिल्मभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं की आपण हुरळून जातो. मीही गेलो होतो. मग कोरी फिल्म ठेवून पाहिली, तर तिच्याभोवतीही तेवढंच वर्तुळ! आत उरलेलं आम्लच काम करत होतं. त्यामुळे कोऱ्या फिल्मशी तुलना केल्याशिवाय अर्काला श्रेय देऊ नकोस. उलटही घडतं: अर्कातली पॉलिफेनॉल (वनस्पतींतली जंतुरोधक संयुगं) कायटोसानला धरून बसतात, बाहेर पाझरत नाहीत, आणि वर्तुळ उमटतच नाही. म्हणून लगेच अर्क निकामी ठरत नाही.

सुगंधी तेल वापरलंस तर वाळवण मंद ठेव. घाईने तापवलंस तर बरंचसं तेल हवेतच जातं (खोलीला वास मात्र छान येतो). फिल्म तुटेपर्यंत किती ताण सोसते ते मोजण्याआधी सगळे नमुने ५० टक्के आर्द्रतेत दोन दिवस ठेव. जाडी पाच ठिकाणी मोज.

आणि 'जैवविघटनशील' हा शब्द अर्कासह बनवलेली फिल्म मातीत पुरून पाहिल्यावरच लिही. जंतू रोखणारा अर्क मातीतल्या जंतूंनाही रोखू शकतो.